गरुडाच्या पाट्या

चेन्नईच्या, म्हणजे पूर्वीच्या मद्रासच्या, उच्च न्यायालयाच्या आवारात पूर्वेकडील भिंतीवर एक लहानसा लेख बसविलेला आहे. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष त्याकडे जाते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ नावाच्या जर्मन युद्धनौकेने या शहरावर तोफा डागल्या, त्या प्रसंगाची ती नोंद आहे. नऊ-साडेनऊच्या सुमारास नौका किनाऱ्यापासून सुमारे तीन हजार यार्डांवर आली, तिने प्रकाशझोत टाकून बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या उजळल्या आणि सुमारे १३० गोळे सोडले. टाक्या पेटल्या, बंदरातील एका जहाजालाही गोळे लागले. अर्ध्या तासात सर्व आटोपून कॅप्टन कार्ल फॉन म्यूलर अंधारात निघून गेला. भौतिक हानी तशी मर्यादित होती. पण त्यानंतर कित्येक दिवस माणसे शहर सोडून जात होती. ‘एम्डन’ हा शब्द तमिळ बोलीत कायमचा शिरला आणि धाडसी, चलाख, काहीशा धोकेबाज माणसाला त्या नावाने संबोधले जाऊ लागले. एका जर्मन गावाचे नाव तमिळ घराघरांत विशेषण होऊन बसावे, ही भाषेच्या इतिहासातील गंमतच म्हटली पाहिजे.

त्या नौकेच्या शिडकाठीवर जो युद्धध्वज होता, त्याच्या मध्यभागी एक काळा गरुड होता. हाच पक्षी त्या काळी जर्मनीतील टपालकचेऱ्या, न्यायालये, जकातनाकी यांच्या दारांवरही पंख पसरून बसलेला असे. मात्र तेथे तो कापडावर नसून लोखंडावर, काचेच्या लेपात भाजून काढलेला असे. मद्रासच्या किनाऱ्यावर तो एकच रात्र आला. जर्मन नागरिकाला त्याच्या सावलीतून रोज जावे लागे. अशा पाट्या आज युरोपात संग्राहक मोठ्या हौसेने जमवितात. वरवर पाहता हा छंद काड्यापेट्यांची चित्रे किंवा तिकिटे जमविण्याइतकाच निरुपद्रवी वाटतो. परंतु तो तेवढा निरुपद्रवी नाही.

प्रथम वस्तूचाच विचार करू. मद्रास बंदराच्या उत्तरेस एन्नोर आहे. कोसस्थलै नदी तेथे खाडीच्या वाटेने समुद्राला मिळते. मिठागरे, खाजण आणि अलीकडच्या काळातील कारखाने यांनी तो पट्टा व्यापलेला आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा, म्हणजे पुढच्या अशोक लेलँडचा, कारखाना तेथलाच. अशा किनाऱ्यावर लोखंडी पत्र्यावर तेलरंगाने रंगविलेली पाटी लावली, तर खारा वारा तिला फार काळ टिकू देत नाही. प्रथम रंगाला फोड येतात, मग पापुद्रे सुटतात, मग अक्षरांच्या कडा तांबूस होतात आणि अखेर नावाच्या जागी गंजाचा नकाशा तेवढा उरतो. कोकणातल्या कोणत्याही बंदरावर हा अनुभव घेता येईल. लोखंडाला हवा आणि पाणी यांपासून कायमचे अलग ठेवील असे आवरण हवे, ही गरज जगभरच्या कचेऱ्यांची होती. त्या गरजेला एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर म्हणजे एनॅमल.

एनॅमल म्हणजे दुसरे तिसरे काही नसून काचच होय. तळेगावचा पैसा फंड आणि ओगलेवाडीचा कंदील ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. गारगोटी, फेल्डस्पार, टाकणखार, सोडा ही द्रव्ये एकत्र वितळवितात, तो रस पाण्यात ओतून त्याचे खडे करतात आणि मग ते दळून त्यांची पाण्याबरोबर खळ बनवितात. ती पत्र्यावर चढवून भट्टीत सुमारे आठशे ते नऊशे अंश उष्णतेवर भाजली की, लोखंड आणि काच एकजीव होतात. येथे एक अडचण असते. काच आणि लोखंड तापल्यावर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. म्हणून पहिला थर कोबाल्ट मिसळलेल्या गडद लेपाचा द्यावा लागतो. तो लोखंडाला घट्ट धरतो, आणि मग त्याच्यावर पांढरा, निळा, काळा, तांबडा असे थर चढतात. बहुधा प्रत्येक रंगासाठी निराळी भाजणी करावी लागे. वाळलेल्या लेपावर कोरीव पत्र्याचा साचा ठेवून नको असलेला भाग कुंचल्याने झाडून टाकीत. उरलेला भाजला की अक्षर उमटे. म्हणून जुन्या पाटीवरून बोट फिरविले, तर एका रंगावरून दुसऱ्या रंगावर जाताना सूक्ष्मशी पायरी जाणवते. चांगली पाटी सपाट नसते. ती मध्यभागी किंचित फुगीर केलेली असते. त्यामुळे भट्टीत पत्रा वेडावाकडा होत नाही, आणि भिंतीवर लावल्यावर पावसाचे पाणीही तिच्यावर थांबत नाही.

लोखंडावर एनॅमल चढविण्याचे काम जर्मनीत फार जुने आहे. सॅक्सनीतील लाउखहामर येथील ओतशाळेत अठराव्या शतकाच्या अखेरीसच ओतीव भांड्यांना हा लेप देण्यात येऊ लागला होता. पुढे पोलादी पत्रा स्वस्त झाला आणि भांड्यांच्या मागून पाट्या आल्या. नैर्ऋत्य जर्मनीतील ऑर्टेनबेर्गचे बोस आणि हान, ऑफेनबुर्गचे रोबेर्ट डोल्ड अशा कारखान्यांची नावे पाटीच्या खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत आढळतात. संग्राहक चष्मा पुसून आधी तेथेच पाहतो.

आता या पाट्यांवर होते काय? १८७१ साली जर्मन साम्राज्य निर्माण झाले. पण ते एकसंध राज्य नव्हते. प्रशियाचा राजा सम्राट झाला, तरी बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबेर्ग यांचे राजे आपापल्या गाद्यांवर होतेच. टपाल बहुतेक ठिकाणी साम्राज्याचे. परंतु बव्हेरिया आणि व्युर्टेंबेर्ग यांचे टपालखाते मात्र स्वतःचे. न्यायालये बहुतांशी घटक राज्यांची. परिणामी एकाच देशात, रेल्वेच्या दोन तासांच्या प्रवासात, टपालकचेरीवरील ‘कैसरचे’ हे विशेषण जाऊन ‘बव्हेरियाच्या राजाचे’ हे विशेषण येई. गरुड जाऊन सिंह येत. आपल्याकडे इंग्रजी मुलुखातून सांगली, कोल्हापूर किंवा बडोदे संस्थानच्या हद्दीत शिरल्यावर जो पालट जाणवे, त्याच्याशी याची तुलना करता येईल. बव्हेरिया-व्युर्टेंबेर्गचे टपाल १ एप्रिल १९२० रोजी केंद्राकडे गेले आणि त्या दोन्ही प्रकारच्या पाट्या एका दिवसात इतिहासजमा झाल्या.

गरुडाचीही एक जात नव्हती. १८७१ चा गरुड काहीसा बारीक, परंपरागत. १८८९ च्या सुमारास दुसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत चित्रकार एमिल डोप्लर याने त्याला नवे रूप दिले. तो अधिक पिसारेदार, अधिक धिप्पाड झाला आणि त्याच्या माथ्यावर मोठा मुकुट आला. राज्यकर्त्याचा स्वभाव पक्ष्यात उतरलेला पाहावयाचा असेल, तर ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. १९१८ च्या नोव्हेंबरात सम्राट हॉलंडला पळाला. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष एबेर्ट यांनी जाहीर केले की, यापुढे राष्ट्राचा गरुड एकमुखी, काळा आणि मुकुटाविना असेल. युद्धविरामाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष होत होते. हा योगायोग की योजना, हे सांगणारा शब्द त्या जाहीरनाम्यात नाही.

कचेऱ्यांच्या या मालिकेत एक कचेरी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ती म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदणीची. १८७५ च्या कायद्याने १ जानेवारी १८७६ पासून सबंध साम्राज्यात ही नोंदणी मुलकी अधिकाऱ्याकडे आली. तोवर ते काम मुख्यतः चर्चचे होते. गावोगाव नवी कचेरी उघडली, म्हणजे गावोगाव नवी पाटी आली. बहुधा ती खेड्यातील एखाद्या घरालाच लावलेली असे, कारण नोंदणी-अधिकारी म्हणजे गावचाच कोणी प्रतिष्ठित गृहस्थ. संग्राहकांच्या भिंतींवर या पाट्या बऱ्याच दिसतात आणि पहिल्या दृष्टिक्षेपात त्या सर्वांत सौम्य वाटतात. नवरानवरी, बाळ, वृद्ध यांच्याशी संबंध असलेली ती पाटी. तिच्यात न्यायालयाचा दरारा नाही, जकातीची कटकट नाही.

परंतु १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेंबेर्ग येथे जे कायदे संमत झाले, त्यांनी ज्यू आणि तथाकथित जर्मन रक्ताच्या व्यक्तींमधील विवाहाला बंदी केली. ही बंदी रोजच्या व्यवहारात अमलात येण्याचे ठिकाण कोणते? तेच, नोंदणीचे. वधूवरांच्या आजा-पणजांचे दाखले तेथे मागितले जात, तेथे तपासले जात आणि तेथेच नकार मिळे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला राज्यचिन्हाविषयीचा हुकूम निघाला. मार्च १९३६ मध्ये त्याचा तपशील ठरला. नव्या गरुडाच्या पायांत ओकच्या पानांचे कडे आणि कड्यात स्वस्तिक. गावचा रस्ता तोच, घर तेच, कदाचित टेबलामागचा गृहस्थही तोच. दारावरची पाटी मात्र बदलली. एनॅमलचा कारागीर पूर्वीइतक्याच निगुतीने साचा ठेवीत होता, पूर्वीइतक्याच सफाईने लेप झाडीत होता. त्या पाटीचे तंत्र उत्कृष्ट आहे, हे नाकारता येत नाही आणि म्हणूनच तिच्याकडे पाहणे सोपे नाही.

भारतीय वाचकाला येथे एक निराळी अडचण येते. स्वस्तिक आपल्याकडे उंबऱ्यावर काढले जाते, चोपडीच्या पहिल्या पानावर काढले जाते. त्या चिन्हाचा हा दुसरा जन्म आपल्या अनुभवातला नव्हे. तथापि ज्यांच्या घरातील माणसे त्या चिन्हाखाली नेली गेली, त्यांच्यासमोर आपल्या मंगलकार्याचा दाखला देणे हा शहाणपणा ठरणार नाही.

१९४५ साली राज्य कोसळले. १३ मे १९४६ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने आपला तिसावा निर्देश काढला. जर्मन लष्करी परंपरा जिवंत ठेवणारी किंवा नाझी पक्षाचा गौरव करणारी स्मारके, पुतळे, फलक, रस्त्यांच्या नावाच्या पाट्या, चिन्हे हे सर्व १ जानेवारी १९४७ पर्यंत नष्ट करावे, असा त्याचा आशय होता. दगडात कोरलेले गरुड उतरविणे कठीण. तेथे छिन्नीने कड्यातील चिन्ह तेवढे काढून टाकले गेले. अशी रिकामी कडी पायांत धरून बसलेले गरुड काही इमारतींवर अद्याप दिसतात. पाटी उतरविणे मात्र दोन-चार स्क्रूंचे काम. तरी पत्र्याची टंचाई एवढी होती की, कित्येक पाट्या फेकल्या गेल्या नाहीत. कोठे चिन्हावर रंग फासला, कोठे ते कानशीने घासून काढले, कोठे पाटी उलटी करून मागच्या बाजूवर नवे नाव लिहिले. काही पाट्या सैनिकांच्या सामानातून अमेरिकेला व इंग्लंडला गेल्या आणि माळ्यांवर पडून राहिल्या.

पुढे जर्मनी दोन झाली आणि गरुडाचा एक वंश खुंटला. पश्चिमेत राष्ट्राध्यक्ष हॉइस यांनी २० जानेवारी १९५० रोजी वायमार काळातील शब्दच पुन्हा वापरून गरुडाची पुनःस्थापना केली. पूर्वेकडील राज्याने त्याला सुट्टी दिली. तेथे १९५५ च्या कायद्याने हातोडा, कंपास आणि धान्याच्या ओंब्यांचे कडे हे चिन्ह आले: कामगार, बुद्धिजीवी, शेतकरी. आणि मग तेही गेले. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, ३१ मे १९९० रोजी, पूर्व जर्मनीच्या लोकनियुक्त संसदेने ठराव केला की, सार्वजनिक इमारतींवरील राज्यचिन्हे आठवड्याभरात काढून टाकावीत. राज्य अजून अस्तित्वात होते. ते विलीन झाले ३ ऑक्टोबरला. म्हणजे चार महिने ते राज्य आपल्याच चिन्हावाचून कारभार करीत होते. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे फारशी नसतील. त्या उन्हाळ्यात उतरविलेल्या पाट्या लगेच बाजारात आल्या, आणि जे काल सरकारी सामान होते त्यावर आज भाव होऊ लागला.

संग्राहकाचे शास्त्र येथून सुरू होते. आधी त्याच्या नजरेला जाहिरातींच्या पाट्या पडल्या: मॅगीचे सार, परसिलची साबणपूड, श्टोलवेर्कचे चॉकलेट. त्यांच्यात चित्रे होती, रंग होते. सरकारी पाटी त्या मानाने कोरडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आणि एक पक्षी. पण कोरडेपणातच तिचे मोल आहे. तिच्यावर एक विशेषण असते, एक मुकुट असतो किंवा नसतो, आणि तेवढ्यावरून तिचा काळ अनेकदा पाच-दहा वर्षांच्या आत बांधता येतो. नाण्यावरून राजा ओळखावा, तशी पाटीवरून राजवट ओळखता येते. शिवाय नाणे हजारो हातांतून फिरते, पाटी एका दारावर राहते; त्या दाराचे नाव कळले तर ती अधिक बोलकी होते.

जेथे भाव आला तेथे नक्कलही आली, आणि या नकलांचा एक धागा आपल्यापर्यंत पोहोचतो. युरोपच्या जुन्या बाजारात ज्या नव्या-जुन्या भासणाऱ्या एनॅमल पाट्या मिळतात, त्यांतील पुष्कळ भारतात बनतात, हे तेथील संग्राहकांस चांगले ठाऊक आहे. त्यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. कित्येक पाट्या नवी शोभेची वस्तू म्हणून उघडपणे विकल्या जातात, आणि दोन-तीन हात बदलले की त्या ‘आजोबांच्या तबेल्यात सापडलेल्या’ होतात. खऱ्याखोट्याची पारख करताना जाणता माणूस पुढची बाजू नंतर पाहतो. पाटीची पाठ, पायाच्या लेपाचा रंग, स्क्रूच्या छिद्रांभोवतीची झीज, टवका उडालेल्या जागेचा गंज हे त्याचे साक्षीदार. जुना गंज काळपट आणि बसलेला असतो; आम्ल लावून आणलेला गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो. आपल्या देशात मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा तमिळनाडूतील कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एनॅमलच्या पाट्या, परातींच्या राशी यांवर हेच नियम लावून पाहता येतात. चेट्टियारांच्या वाड्यांतून निघालेली परदेशी एनॅमलची भांडी कारैकुडीत अद्याप विकली जातात.

कायद्याची बाजू अधिक नाजूक आहे. जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ या कलमान्वये नाझी चिन्हांचा सार्वजनिक वापर व प्रसार हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला, इतिहासकथन यांना अपवाद आहे. घरच्या कपाटात पाटी ठेवणे निराळे, ती दुकानाच्या काचेत मांडणे निराळे. म्हणून विक्रेते छायाचित्रात चिन्हावर कागदाची चकती चिकटवितात. हे दृश्य चमत्कारिक खरे. पण त्या चकतीची थट्टा करण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे की, असल्या पाट्या घेणारे सर्वच लोक इतिहासाचे अभ्यासक नसतात. कोणी ती पराभूत राज्याचा पुरावा म्हणून घेतो, तर कोणी हरवलेल्या राज्याची खूण म्हणून छातीशी धरतो. बाजारात दोघांचेही पैसे सारखेच चालतात. तेव्हा संग्रह कोणाचा आहे हे पाटी पाहून नव्हे, तर तिच्या शेजारी काय लावले आहे ते पाहूनच ठरवावे लागते.

आपल्याकडे राजवट बदलली तेव्हा काय झाले, हे या संदर्भात आठवणे अप्रस्तुत होणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून सिंहशीर्ष हे राज्यचिन्ह झाले. ब्रिटिश मुकुट कचेऱ्यांवरून उतरला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आगेमागे दक्षिणेतील इतर संस्थानेही गेली. मुंबईतील राजपुरुषांचे पुतळे १९६५ साली हलविण्यात आले आणि त्यांतील काळा घोडा भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन उभा राहिला. पुतळ्यांना बाग तरी मिळाली. मामलेदार कचेरीच्या, दरबारी दवाखान्याच्या, संस्थानी टपालाच्या पाट्यांना असे भाग्य क्वचितच लाभले. पत्रा चांगला असेल तर तो कोणाच्या गोठ्याच्या छपराला ठोकला गेला. दप्तरखान्यांतील मोडी कागद वाचविण्यासाठी राजवाड्यांसारख्या माणसाने पायपीट केली. कचेरीच्या दारावर लटकलेला एकच शब्द हाही कागदाइतकाच अस्सल दस्तऐवज आहे, हे कोणाच्या फारसे मनात आले नाही.

‘एम्डेन’चे अवशेष मात्र पुष्कळ जपले गेले, आणि तेही मुख्यतः शत्रूने. ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या युद्धनौकेने तिला कोकोस बेटांजवळ गाठले. मोडकी नौका म्यूलरने नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढविली. तिची एक तोफ सिडनीच्या हाइड पार्कमध्ये आहे. घंटा आणि पिछाडीचे अलंकरण कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. मद्रासवर पडलेल्या तोफगोळ्याचा अवशेष चेन्नईच्या संग्रहालयात आहे. जिंकणाऱ्याला हरलेल्याची खूण जपाविशी वाटते. ज्याने मार खाल्ला त्यालाही वाटते. हरलेल्याला स्वतःला ती जपावी की पुरावी, हे ठरविण्यास वेळ लागतो. जर्मनीत या पाट्यांविषयी तोच विचार अजून चालू आहे.

त्याचे सर्वांत बोलके रूप दुरुस्तीच्या प्रश्नात दिसते. टवका उडालेली पाटी भरून काढावी की नाही, यावर संग्राहकांत जुना वाद आहे. जाहिरातीच्या पाटीच्या बाबतीत तो सौंदर्याचा वाद. पण ज्या पाटीवरील चिन्ह १९४५ च्या त्या दिवसांत कोणीतरी घासून काढले आहे, तिचे काय करावयाचे? काही जण ती जागा पुन्हा रंगवून पाटी ‘पूर्ण’ करतात. त्यांना १९३६ ची पाटी हवी असते. काही जण एका बोटानेही तिला स्पर्श करू देत नाहीत. त्यांच्या मते त्या पाटीवर दोन तारखा आहेत: एक भट्टीतली आणि एक कानशीची. खरवडलेल्या जागेत कोबाल्टचा काळसर थर उघडा पडलेला असतो, त्याखाली पत्रा, आणि कडेकडेने कानशीचे तिरपे ओरखडे. घाईत काढलेले, काही कड्याच्या बाहेर ओकच्या पानांवरही गेलेले.